जुन्या गाडीला मागे डिस्क ब्रेक आणि मजबूत ॲक्सल बसवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी साठच्या दशकातली आहे, मागे मूळचे ड्रम ब्रेक आणि मूळचाच ॲक्सल आहे, इंजिन मात्र नुकतंच मोठं बसवलंय. आता ब्रेक कमी पडतात, म्हणून मागे डिस्क लावायचा विचार आहे. माझ्या जुन्या गाडीवर हे काम मी दोनदा केलंय. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं.

आधी एक स्पष्ट सांगतो. ब्रेक कमी पडत असतील तर दोष मागच्या चाकांचा असण्याची शक्यता कमीच. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढे इंजिन असलेल्या गाडीत अशा वेळी थांबवण्याचं सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढची चाकं करतात. मागे कितीही मोठी डिस्क लावा, हलक्या झालेल्या चाकाला रस्त्याची पकडच उरली नसेल तर ते फक्त जाम होतं. पुढची चाकं आधी जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी निदान सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर शेपूट फिरतं आणि मग हातात काही राहत नाही. म्हणून पुढचे ब्रेक अजून जुनेच असतील तर आधी ते करा.

माझी चूक हीच झाली होती. मागे डिस्क लावल्या, ओल्या रस्त्यावर हळूहळू तपासून पाहिलं, सगळं ठीक वाटलं. काही दिवसांनी कोरड्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबावा लागला आणि गाडी आडवी झाली. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. कारण नंतर कळलं. ओल्या रस्त्यावर गाडी मुळात जोरात थांबतच नाही, त्यामुळे वजन फारसं पुढे सरकत नाही आणि मागच्या चाकांवर भार टिकून राहतो. मागचं चाक सगळ्यात हलकं होतं ते कोरड्या, चांगल्या पकडीच्या रस्त्यावर. तेव्हा मागच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीत, म्हणजे लाइनमध्ये, दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घातल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

डिस्कचं सामान मागवण्याआधी आहेत ते ड्रम एकदा उघडून बघा. शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल भाग) ॲडजस्ट नसणं, व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ढकलणारा) गळणं, रबरी होज आतून फुगून बंद होणं, ड्रम अंडाकृती होणं या रोजच्या तक्रारी आहेत. ॲक्सलचं ऑइल सील गेलं असेल तर डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरसंचाचं) तेल थेट लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर, येतं आणि मग कितीही ॲडजस्ट केलं तरी ते चाक धरत नाही. आणि हे मनापासून सांगतो, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. नीट केलेले ड्रम मागच्या चाकाला बऱ्याचदा पुरतात. मागचा जोर थोडाच बदलायचा असेल तर व्हील सिलिंडर बदलूनही काम होतं. पाऊण इंची सिलिंडरच्या जागी सात-अष्टमांश इंची घातला तर त्याच दाबाला शूवरचा जोर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा असतो. मात्र तेलही तितकंच जास्त लागतं, पेडल खाली जातं.

तरीही डिस्कच हवी असेल तर मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या सिलिंडरकडे, नीट बघा. ड्रमसाठी बनलेल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये एक लहानसा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब ठेवतो. ड्रममध्ये शू ओढून घेणाऱ्या स्प्रिंगा असतात, म्हणून तिथे हा दाब चालतो. कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) तशा स्प्रिंगा नसतात, त्यामुळे पॅड डिस्कला घासत राहतात. थोडं अंतर चालवून चाकाजवळ हात नेला की धग लागते. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन जास्त घट्ट बसतो. डिस्कला ती मदत नाही, म्हणून पायाला जोर जास्त लागतो. हँडब्रेकचं आधी ठरवा. कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असलेला प्रकार किंवा डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असलेला प्रकार, यांपैकी एक घ्या.

आता ॲक्सल. तुमच्या बाबतीत खरी काळजी मला याचीच वाटते. इंजिनचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये सुमारे तिप्पट, डिफरन्शियलमध्ये आणखी चौपट होतो. २०० न्यूटन-मीटरचं इंजिन असेल तर चाकं फिरवणाऱ्या दोन शाफ्टवर मिळून २,४०० येतात. मूळ शाफ्ट कदाचित याच्या निम्म्यासाठी बनला असेल. अशा गाड्यांत बहुधा सेमी-फ्लोटिंग ॲक्सल असतो, म्हणजे तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला तर चाकच निसटू शकतं. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या खाचांवर, सरळ पट्टी ठेवा. खाचा जराही पिळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट संपलाय, परत घालू नका.

बऱ्याच गाड्यांना नव्या मिश्रधातूचे, जास्त स्प्लाइनचे शाफ्ट मिळतात आणि ॲक्सलचं मूळ हाउसिंग (बाहेरचं कवच) तसंच ठेवता येतं. शक्य असेल तर मी हाच मार्ग निवडेन. पूर्ण ॲक्सलच दुसऱ्या गाडीचा घ्यायचा तर १९५७ ते १९८६ पर्यंत बनलेला फोर्डचा नऊ-इंची ॲक्सल लोकांना का आवडतो ते समजून घ्या. त्याचा क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलच्या मुख्य दोन गिअरचा) संच पुढून अख्खा बाहेर निघतो आणि शाफ्ट २८ व ३१ स्प्लाइनचे मिळतात. पण वजन जास्त, आणि ते सगळं स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली लटकतं, म्हणून हलक्या गाडीची चाल बिघडते.

कोणताही ॲक्सल घ्या, दोन्ही चाकं बसतात त्या पृष्ठभागांमधलं अंतर, बोल्टचा घेर आणि पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर स्वतः मोजा. बैठकी आधी फक्त टाके मारून धरा, गाडी तिच्या वजनावर उभी करा, पिनियनचा कोन बघा आणि मगच पक्कं वेल्डिंग. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांचे कोन सारखे नसले तर वेगात थरथर येते. वेल्डिंग एका दमात केलं तर हाउसिंग वाकतं, थोडं थोडं आलटून पालटून करा.

डिफरन्शियलचं गुणोत्तर बदलणार असाल तर स्पीडोमीटरकडेही बघावं लागेल. ४.१ च्या जागी ३.५ चा संच घातला की इंजिन शांत चालतं. पण केबल गिअरबॉक्समधून येत असल्यामुळे काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ७० ने धावत असेल.

ब्रेक आणि ॲक्सल एकाच वेळी करा, कारण बेअरिंग, सील आणि कॅलिपरची पट्टी हे सगळं ॲक्सलच्या टोकाच्या त्याच फ्लँजवर (चपट्या कडेवर) येतं. वेगवेगळं केलं तर शाफ्ट दोनदा काढावे लागतात आणि सीलही दोनदा जातात.

चाचणीला रिकामी, कोरडी, सरळ जागा हवी. व्हॉल्व्ह मागचा दाब सगळ्यात कमी असेल तिथे ठेवून सुरुवात करा आणि बाहेर कुणाला तरी उभं करून आधी कुठलं चाक थांबतं ते बघायला सांगा. मागचा दाब थोडा थोडा वाढवा. मागचं चाक पुढच्याच्या बरोबरीने जाम होऊ लागलं की व्हॉल्व्ह एक फेरा मागे घ्या आणि तिथेच नट आवळून टाका.