कसर राहू द्यायची नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या भाद्रपदात बेडचा बॉक्स उघडला, तर सासूबाईंच्या सामानात चंदेरी, माशासारखे सळसळणारे किडे दिसले. दिवा लावला की क्षणात गडप. १९७४ सालच्या लग्नाच्या अल्बमची पानं त्यांनी खरवडली, लग्नपत्रिका खाल्ली, कांजी करून ठेवलेली एक सुती साडीही गेली. पैठणी अजून शाबूत आहे. डांबराच्या गोळ्या ओंजळभर टाकल्या, काही फरक नाही. त्याच बॉक्समध्ये जुनी झबली-टोपडी जपून ठेवली आहेत. मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे. त्याआधी सगळ्या घराचं पेस्ट कंट्रोल करून घ्यावं का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : पत्र वाचून होताच ती झबली-टोपडी बाहेर काढा. बाकीचं नंतर बघू. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबर गोळीत मुरलेले कपडे घातले किंवा गोधडी पांघरली, तर त्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जोरात चढते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे आपल्याला वरून कळत नाही. कपडे दोनदा धुवा, चांगले चार-सहा दिवस वाऱ्यावर टाका, नाकाला लावून बघा. तरीही वास येत असेल, तर मन घट्ट करून ती झबली आठवण म्हणून वेगळी ठेवा आणि बाळाला नवी शिवा. गोळ्याही बॉक्समधून काढा. आपण सगळ्याच पिढ्यानपिढ्या कपाटात गोळ्या टाकत आलो, मीसुद्धा, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते आहे.

आता तुमच्या माशांकडे वळू. हल्ली सगळे सिल्व्हरफिश म्हणतात, पण आपल्याकडे तिचं नाव जुनं आहे : कसर. पंख नाहीत, शेपटीला तीन केसांसारखे तंतू, अंगावर चंदेरी खवले. चिमटीत धरली की बोटाला चंदेरी भुकटी लागते. मी २७ वर्षं एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काढली, त्यामुळे तिची न् माझी ओळख बरीच. कागद हे तिचं खाणं खरं, पण तिचा जीव असतो खळीत. मैद्याची खळ, कपड्याची कांजी, गुळगुळीत कागदावरचा लेप, जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर, हे तिचं पक्वान्न. आमच्याकडे मोठ्या पातेल्यात खळ शिजायची, तेव्हा तिच्यात मोरचूद पडायचा. खळ निळसर व्हायची आणि त्या पातेल्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायची कोणाची टाप नव्हती, कारण मोरचूद विषारी. मोरचूद घातलेल्या बांधणीला कीड सहसा फिरकत नसे. तुमची कांजी केलेली साडी गेली आणि पैठणी वाचली, त्यात मला काहीच नवल वाटलं नाही. साठवणीतला सुती कपडा नेहमी धुऊन, कांजी न करता ठेवावा. कांजी नेसायच्या आदल्या दिवशी करावी.

पण खाणं सगळ्यांच्याच घरात असतं, मग कसर ठरावीक घरातच का माजते? ओलीमुळे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की तिचं राज्य सुरू होतं, आणि पावसाळ्यात तुमच्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात ती ८०-९० च्या घरात असते. त्यात तुमचा बेड बाथरूमच्या भिंतीला लागून असणार, असा माझा अंदाज आहे. अंदाज खरा की खोटा, ते चार बाटल्यांनी ठरवा. जॅमच्या काचेच्या चार रिकाम्या बाटल्या घ्या. बाहेरून तळापासून तोंडापर्यंत रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी गुंडाळा. आत चिमूटभर मैदा. रात्री एक बाटली बेडखाली, एक बाथरूमच्या दाराशी, एक स्वयंपाकघरात ओट्याखाली, एक पुस्तकांच्या कपाटापाशी ठेवा. कसर चिकटपट्टीवरून चढून आत उतरते, पण गुळगुळीत काचेवर तिचे पाय ठरत नाहीत, त्यामुळे बाहेर येता येत नाही. सकाळी मोजा, वहीत लिहा, बाटली साबणाच्या पाण्यात रिकामी करा. आठवडाभर असं केलंत की कोणत्या कोपऱ्यात गर्दी आहे ते आपोआप कळेल. माझ्या घरी तीन बाटल्यांत मिळून दोन निघाल्या आणि न्हाणीघराच्या भिंतीशी एकीत अकरा. भिंतीत नळाचा सांधा पाझरत होता. प्लंबर आला, सांधा बदलला, भिंत वाळायला दीड महिना लागला आणि मग कसरी कमी झाल्या. गळती वरच्या फ्लॅटमधून असेल, तर सोसायटीच्या सभेत काय काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक आहे. तरी तेच आधी करा.

पेस्ट कंट्रोलवाला स्कर्टिंगच्या कडेने फवारेल, समोर दिसणाऱ्या कसरी मरतील. फटींतल्या अंड्यांना त्याने काही होत नाही. शिवाय कसर महिनोन्महिने उपाशी राहू शकते आणि दोन-तीन वर्षं सहज जगते. ओल तशीच राहिली, तर पुढच्या श्रावणात पुन्हा फोन फिरवाल. आणि मुलीच्या बाळंतपणाच्या तोंडावर तर घरात फवारा नकोच. त्याऐवजी बेडच्या मागच्या फटीत आणि कपाटाखाली बोरिक पावडर भुरभुरा, कॅरमच्या पटावर टाकतात तीच. काम सावकाश करते, पण करते. पोटात गेली तर वाईट, म्हणून रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशी कुठेही टाकू नका. बाळ रांगायला लागायच्या आत पुसून घ्या.

आता सामान. बेडच्या बॉक्समध्ये पुठ्ठ्याचं खोकं असेल, तर ते आज रद्दीत द्या. पुठ्ठा ओल पितो, त्याच्या थरांना खळच असते, म्हणजे राहायला घर आणि खायला अन्न एकाच जागी. हे मी इतरांना वर्षानुवर्षं सांगत आले. आणि माझ्याच माळ्यावर, पाण्याच्या पाइपला टेकून, बुटांच्या खोक्यात आत्याचा फोटो पडून होता. उघडला तेव्हा आत्याच्या हातातल्या पाटल्या, नऊवारीचा काठ, मागचं तुळशीवृंदावन, सगळं जसंच्या तसं. चेहऱ्याच्या जागी पांढरट खरवड. दुसरी प्रत नव्हती.

तुमचे उरलेले फोटो आधी मोबाइलवर नीट काढून घ्या, मग अल्बम घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. त्याच्या गुळगुळीत भिंती तिला चढता येत नाहीत. मात्र डबा आणि आतली वस्तू दोन्ही खडखडीत कोरडी हवी, नाहीतर कसरीऐवजी बुरशी धराल. भर पावसात डबा भरू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी पडते, तेव्हा भरा.

कसर लागलेली पुस्तकं आणि सुती कपडे फ्रीजमध्येही ठेवता येतात. पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंश हवेत. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुतेक तेवढा गार होत नाही, तिथे मटार ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. फोटोंवर हा प्रयोग करू नका.

पैठणीला धुतलेल्या जुन्या धोतराचं किंवा मलमलचं कापड गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, जरीला डांबर गोळी टेकायला नको. वर्षातून दोनदा उघडा, सावलीत वाऱ्यावर धरा आणि घडी वेगळ्या जागी मोडा. वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही. कडुनिंबाचा पाला मात्र पार वाळलेला हवा. ओला पाला टाकून लोक वर्षभराची ओल कपाटात भरतात. आणि हे दोन्ही राखणीपुरतं. लागलेली कसर वासाने मरत नाही.

प्रश्न : आमच्या छताजवळ भिंतीला भोपळ्याच्या बीसारख्या, राखाडी, चपट्या पिशव्या चिकटलेल्या असतात. त्यातून अळी डोकं काढते. कसरीची अंडी ती हीच का? – एक वाचक, वसई

उत्तर : नाही. ती एका पतंगाच्या अळीची घरं. अळी धुळीचे, मातीचे कण विणून पिशवी करते आणि ती पाठीवर घेऊन फिरते. कोळ्याची जाळी, केस, लोकर हे तिचं खाणं. छताचे कोपरे झाडूने काढा, पंख्यावरची धूळ पुसा, स्वेटर धुऊन ठेवा. बस.

प्रश्न : वाईच्या घरी आजोबांच्या हस्तलिखित पोथ्या आहेत. लाल कापडातल्या, वरखाली फळ्या लावलेल्या. दोन पोथ्यांना भोकं पडली आहेत. उन्हात टाकून झुरळांचा स्प्रे मारावा, असा धाकट्या भावाचा आग्रह आहे.

उत्तर : भावाला थांबवा. स्प्रेच्या तेलाने शाई उतरेल, उन्हाने कागद कडक होऊन तुटेल. आधी भोकं बघा. काठ फाटल्यासारखे, वेडेवाकडे आणि वरचा थर खरवडलेला असेल, तर कसर. गोल, टाचणीने पाडल्यासारखं भोक या पानातून त्या पानात आरपार गेलं असेल, तर ते भुंग्याच्या अळीचं काम आणि ती पोथीच्या आतच असू शकते. मातीची पुटं दिसली तर वाळवी. मग पोथी नव्हे, भिंत आणि जमीन तपासा.

एकेक पोथी सावलीत उघडा, रंगाऱ्याच्या मऊ ब्रशने पान न् पान झाडा, पानांचा क्रम मोडू देऊ नका. कापड धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा बांधा आणि घट्ट बांधा. जुने लेखक पोथीच्या शेवटी पोथीच्या तोंडी जी विनवणी लिहीत, तीत तेल आणि पाणी यांच्यासोबत सैल बांधणीपासूनही वाचव, असं म्हटलेलं असतं. पानं दाबून राहिली की हवा आणि कीड दोन्हींना शिरायला जागा उरत नाही. पोथ्या घरात सांभाळणं जमणार नसेल, तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) किंवा भांडारकर संस्थेत (१९१७) जाऊन विचारा.

आणखी एक. पानांवर मधेच पिवळे पट्टे दिसले तर घाबरू नका, तो डाग नव्हे. चुकलेलं अक्षर झाकायला लेखक हरताळ लावीत. आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो ते तिथूनच आलं. पण हरताळ म्हणजे सोमलाचं, म्हणजे आर्सेनिक या विषाचं संयुग. तेव्हा पान उलटताना जिभेला बोट लावायची सवय असेल तर ती त्या दिवसापुरती तरी सोडा, आणि उठल्यावर साबणाने हात धुवा. भावालाही सांगा.