रोख बक्षिसासाठी जमीन तारण ठेवावी का?

कमी खर्चाच्या कापूस वेचणी यंत्रासाठी एका संस्थेने मोठे रोख बक्षीस जाहीर केले आहे. अशा बक्षिसांनी खरोखर शोध लागतात का, आणि त्यासाठी घरची जमीन तारण ठेवून स्पर्धेत उतरावे का, असे आपण विचारले आहे. मी लहान यंत्रांच्या आराखड्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर होय आणि दुसऱ्याला ठामपणे नाही असे आहे, आणि दोन्हींचे कारण एकच आहे. अनुदान देणारा कामाआधी पैसे देतो, म्हणून काम फसले तर त्याचे पैसे बुडतात. बक्षीस लावणारा मात्र काम सिद्ध झाल्यावरच पैसे मोजतो, आणि तोवरची सगळी जोखीम उतरणाऱ्यांच्या माथी असते. न्यूयॉर्कचे हॉटेलमालक रेमंड ऑर्टिग यांनी १९१९ मध्ये न्यूयॉर्क-पॅरिस विनाथांबा उड्डाणासाठी २५,००० डॉलरचे बक्षीस लावले. १९२७ च्या मे महिन्यात ते अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी मिळवले. परंतु त्याआधीच्या वर्षभरात त्याच प्रयत्नात सहा जणांचे प्राण गेले होते.

तरीही बक्षिसे काम करतात, कारण ज्याच्याकडे कोणी पाहिलेही नसते असा माणूस त्यामुळे पुढे येतो. ब्रिटिश उद्योगपती हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये केवळ मनुष्यबळावर उडणाऱ्या विमानासाठी बक्षीस ठेवले. एकमेकांपासून अर्ध्या मैलावर रोवलेल्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकारात उडायचे, आणि सुरुवातीला व शेवटी दहा फूट उंची गाठायची, इतकी ती अट सुटसुटीत होती. रक्कम पुढे ५०,००० पौंडांवर गेली, पण बरीच वर्षे कोणालाच यश आले नाही. अमेरिकेचे विमान-अभियंते पॉल मॅक्रेडी याकडे वळले ते कर्जापायी. ओळखीच्या माणसाच्या बोटबांधणीच्या धंद्याला ते जामीन राहिले होते, धंदा बुडाला आणि सुमारे एक लाख डॉलरचा बोजा त्यांच्यावर आला. त्यांचे मोठेपण मला असे वाटते की, त्यांनी आधी अपयश स्वस्त केले. इतरांची सुबक लाकडी विमाने मोडली की दुरुस्तीला महिने लागत; मॅक्रेडींनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि पातळ प्लास्टिकचा पडदा वापरून असे विमान केले की ते पडले तरी चिकटपट्टी लावून थोड्याच वेळात पुन्हा उभे राही. म्हणून त्यांना असंख्य चुका करणे परवडले. २३ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील शाफ्टर येथे ब्रायन ॲलन या सायकलपटूने पेडल मारत ते ठरलेल्या मार्गावरून उडवून दाखवले.

आपल्याकडचे उदाहरण याच्या उलट आहे, आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १९२९ मध्ये गांधीजींच्या खादीचे काम पाहणाऱ्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र हाताने किंवा पायाने चालावे, स्त्रीला फार श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे, तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) १६,००० वार सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि ते वीस वर्षे टिकावे, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीहून किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्याने यंत्र पाठवले. परीक्षणात ते अटींना पुरते उतरले नाही आणि ते लाख रुपये अखेर कोणालाच मिळाले नाहीत. बक्षीस हवे असेल तर पेटंटचे हक्क संघाकडे द्यावे लागणार होते. गावोगावच्या कातणाऱ्यांसाठी ही अट रास्तच होती. पण उतरणाऱ्याच्या दृष्टीने, बक्षीस हुकले की अशा यंत्राला दुसरी बाजारपेठ जवळपास नव्हती. किर्लोस्करांकडे नांगर, उसाचे चरक असा चालता धंदा होता, म्हणून त्यांना तो खर्च सोसला. एखाद्या एकट्या कारागिराला तो सोसला नसता.

तेव्हा रकमेचा आकडा बाजूला ठेवून, बक्षीस मिळाले नाही तर आपल्या हातात काय उरेल, ते आधी पाहावे. जाहिरातीत पेटंट कोणाकडे राहणार, परीक्षण कोणत्या शेतात व कोणत्या वाणावर होणार आणि मुदत वाढण्याची सोय आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. आपल्याकडे बोंडे एकदम फुटत नाहीत, वेचणी दोन-तीनदा होते आणि झाड पानांनी भरलेले असते. या गोष्टींचा अटींमध्ये विचार नसेल, तर स्पर्धा जिंकूनही शेतकरी ते यंत्र घेणार नाही. जमीन तारण ठेवू नये. सुरुवातीला संपूर्ण यंत्राच्या मागे न लागता फक्त वेचणारा भाग बनवावा आणि तो हातात धरून स्वतःच्या शेतातल्या दोन-चार ओळींवर चालवून पाहावा. पानाचा कचरा न येता त्यात कापूस येऊ लागला, तरच इंजिन आणि चाकांवर पैसा घालावा, आणि तोही ज्यांना नफ्यातला वाटा मान्य आहे अशा भागीदारांना सोबत घेऊन.