थकायच्या आत खो

"मॅडम, थायरॉइडची गोळी रोज घेते. तरी व्यायाम केला की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. मग व्यायाम करू की सोडून देऊ?"

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या सल्ल्याच्या खोलीत येतो. विचारणारी बहुतेक वेळा पस्तिशी-पन्नाशीतली बाई असते आणि तिच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तो ती विचारत नाही: मी आळशी झाले का? आज एका ताईंची हकिकत सांगते, कारण उत्तर माझ्यापेक्षा त्यांनाच नीट सापडलं. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम देत नाही.

पहिल्या दिवशी त्या जिन्यात अर्ध्यावर थांबल्या, ते मला आतूनच कळलं. लक्ष्मीनगरातली माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे, पायऱ्या १८. चपलांचा आवाज मध्येच थांबला आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला. आत आल्यावर पहिलं वाक्य, "सॉरी मॅडम, फोन आला होता." फोन आलेला नव्हता.

वय ४१, पतसंस्थेत कॅशवर. आणि विशीत विद्यापीठाच्या खो-खो संघात. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही. "आधी किती व्यायाम करायच्या?" असं विचारल्यावर मोबाइलमध्ये एका जुन्या फोटोचा फोटो दाखवला. मैदानातल्या धुळीत बसलेल्या नऊ मुली. "ही मी. पोल डाइव्ह मारायची, खांब धरून झेप. आता पलंगावरून उठायला हात टेकते."

दुखणं कधी सुरू झालं, हे शोधत गेलो तर आदल्या वर्षीच्या मे महिन्यात पोचलो. घरात सगळे कूलरसमोरच्या जागेसाठी भांडत होते आणि ताई दुसऱ्या खोलीत चादर घेऊन. नागपूरच्या मेमध्ये, पारा ४५ च्या घरात असताना, बाईला थंडी वाजते याची घरात नुसती चेष्टा झाली. मग केस गळणं, पोट साफ न होणं, कोरडी कातडी, जास्त जाणारी पाळी. पावसाळ्यात कुणीतरी रक्त तपासायला लावलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, ३८. साधारण ४ च्या वर गेला तरी डॉक्टर लक्ष घालतात, तिथे हा आकडा. गोळी सुरू झाली आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला.

जानेवारीत त्यांनी जिम लावलं, वर्षभराचे पैसे एकदम भरून. पहिल्याच दिवशी ६० उठाबशा. ट्रेनरने २० सांगितल्या होत्या. बाकीच्या ४० जुन्या फोटोतल्या मुलीने मारल्या. त्यानंतर चार दिवस स्टुलावरून उठताना टेबल धरावं लागलं आणि आठवडाभर संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागले. पुन्हा त्या जिमकडे फिरकल्या नाहीत. पैसे गेले ते गेले, वर घरात "पाहा, टिकत नाही हिचं काही" हे वाक्य कायमचं राहायला आलं.

थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. हृदयाचे ठोके, आतडी, मन, आणि स्नायूसुद्धा. ते आखडतात, दुखतात, ताण पडल्यावर सावरायला वेळ घेतात. ज्या उठाबशा शेजारणीला एका दिवसात पचतात, त्याच या बाईंना चार दिवस पुरतात. यात आळसाचा काही संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. आठ महिने घरात ऐकलेलं एका तासात पुसलं जात नाही.

मी डॉक्टर नाही. गोळी किती मायक्रोग्रॅमची, हा माझा प्रांत नाही. पण थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट विचारतेच: सकाळी उठल्यापासून गोळी कशी घेता, ते क्रमाने सांगा.

"साडेपाचला उठते. चहा टाकते. चहासोबत थायरॉइडची, रक्ताची आणि कॅल्शियमची. तिन्ही एकदाच घेऊन टाकते, विसरायला नको म्हणून."

तिन्ही गोळ्या एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियम तिला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर लागतं. शिवाय चहा आणि कॅल्शियम लोहालाही नीट शोषू देत नाहीत. म्हणजे ताई रोज न चुकता गोळ्या घेत होत्या आणि त्यातलं अंगी किती लागत होतं, देव जाणे. इतकी शिस्तीची बाई, आणि घरात तिला आळशी म्हणत होते.

मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. टीएसएच ११, हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी डोस तोच ठेवून वेळा बदलल्या, लोहाची गोळी रात्रीवर नेली, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. या गोळीचा अंमल सावकाश बसतो, औषध अर्धं ओसरायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणण्यात अर्थ नसतो. निम्म्या बायका इथेच हिरमुसतात.

त्याच भेटीत मनाचंही विचारलं. रडू येतं का, कशात रस वाटेनासा झालाय का, जगू नये असं मनात येतं का. थायरॉइडचा थकवा आणि नैराश्य एकमेकांसारखे दिसतात, शिवाय एकत्रही नांदतात, म्हणून हे प्रश्न टाळता येत नाहीत. ताईंना उदास वाटायचं, पण जगणं नको झालेलं नव्हतं. तसं असतं तर व्यायामाचं बोलणं मी बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला असता.

आता माझी चूक. "किती चालाल?" असं मी विचारलं, त्या म्हणाल्या, "अर्धा तास तर कुणीही चालतं." मी हो म्हटलं. आठवड्याला १५० मिनिटांचा आकडा माझ्याही डोक्यात बसलेला, तेव्हा पाच दिवस अर्धा तास हे कागदावर चोख दिसत होतं. ताई गोपालनगरहून गाडी काढून अंबाझरी तलावावर गेल्या, कारण त्यांचा संघ तिथे पळायला जायचा. अर्धा तास चालल्या, छान वाटलं म्हणून आणखी एक फेरी मारली. पुढचे दोन दिवस रजा. तिसऱ्या दिवशी मला मेसेज: "माझ्याच्याने होत नाही."

पुढच्या भेटीत मी कबूल केलं की हिशेब माझा चुकला. व्यायाम त्यांच्या चांगल्या दिवसाच्या मापाने बेतला होता. माप घ्यायला हवं होतं वाईट दिवसाचं: ज्या दिवशी पतसंस्थेत महिनाअखेर आहे, पाळीचा दुसरा दिवस आहे आणि रात्रीची झोप झालेली नाही, त्या दिवशीसुद्धा किती जमेल? तेवढंच रोज करायचं. चांगल्या दिवशीही तेवढंच. यातलं दुसरं वाक्य त्यांना झेपेना.

"म्हणजे अंगात ताकद असून थांबायचं? आमच्या मैदानावर असं केलं असतं तर सरांनी बाहेर बसवलं असतं."

मी काही बोलले नाही, आणि ते बरंच झालं. कारण जरा वेळाने त्या स्वतःशीच म्हणाल्या, "नाही... सर तर उलटंच सांगायचे. चेस करताना एकटीनेच पळत राहिली की ओरडायचे. आठ जणी बसल्या आहेत त्या कशाला? पाय जड व्हायच्या आधी खो दे."

खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ बसून असतात आणि एक पळते. पळणारी बसलेलीला खो देते, तिच्या जागी बसते आणि पुन्हा खो मिळाला की ताजी होऊन उठते. पुरती दमल्यावर दिलेला खो उशिराचाच, तोवर समोरची निसटलेली असते. हे मला शाळेपासून माहीत होतं, पण थायरॉइडशी जोडायचं सुचलं ते त्यांना. माझ्या फाइलमध्ये त्या दिवसाच्या नोंदीत एवढंच आहे: थकायच्या आत खो.

मग अंबाझरी रद्द. गाडी काढा, जा, पार्किंग शोधा, परत या, यातच निम्मी शक्ती जाते. त्यांच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, गल्लीतले विजेचे खांब मोजायचे ठरलं. घरापासून चौथ्या खांबापर्यंत जायचं, तिथून परत. घड्याळ लावलं तर आठ मिनिटं. साडेपाचला पाण्यासोबत गोळी, मग आवरून चालणं, आल्यावर थोडा वेळ निवांत, आणि मग चहा. गोळी आणि चहा यांच्यातला तो नकोसा अर्धा-पाऊण तास आपोआप भरून निघाला. (मधुमेहाचं औषध चालू असेल तर रिकाम्या पोटी चालण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ताईंना मधुमेह नव्हता.)

वेग किती ठेवायचा? सोबतीणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. सुरुवातीला त्याहूनही हळू चाललं तरी हरकत नाही. आणि परीक्षा चालून आल्यावर घ्यायची नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच ताजंतवानं वाटतं. दुसऱ्या दिवशी उठताना अंग काय म्हणतं, ते पाहायचं. सलग आठवडाभर सकाळ बरी गेली तर एक खांब वाढवायचा. एखादी सकाळ बिघडली तर एक खांब मागे. शून्यावर यायचं नाही, ही अट मात्र मी घातली.

वजनकाटा माळ्यावर टाकायला लावला. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी असतं, आणि त्यातला बराच भाग अंगात साचलेल्या पाणी-मिठाचा असतो. रोज काट्यावर उभं राहणाऱ्या बाईचा खांब वाढवायचा धीर सुटतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मार्चमध्ये एकदा घरच्यांनाही बोलावलं. सासूबाई वाईट नव्हत्या, काळजीतच होत्या. "सून काही करत नाही असं नाही म्हणत मी. पण रात्री नऊले झोपते ना बाप्पा, अन् सकाळी उठली तरी थकलेलीच. काहून?" यजमानांचं म्हणणं होतं की मन लावलं की सगळं होतं. मी त्यांच्यासमोर रिपोर्ट ठेवला आणि विचारलं, हिमोग्लोबिन ९.२ असताना तुम्ही ऑफिस करून घरी येऊन स्वयंपाक केला असता का? ते हसले, मग गप्प झाले. आठवड्यातल्या दोन रात्रींचा स्वयंपाक त्यांच्याकडे गेला. पहिल्या रात्री चून-भाकरीतली भाकर जळाली, असं ताईंनी मोठ्या खुशीत सांगितलं.

एप्रिलमध्ये टीएसएच ३.४ आला. हिमोग्लोबिन अजून दहाच्या आसपास, ते भरायला काही महिने जातात. तेव्हा ताई सातव्या खांबावर होत्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पाच वेळा, भिंतीला हात लावून रेटणं पाच वेळा, एवढं आठवड्यातून दोनदा जोडलं. स्नायूंना नुसतं चालणं पुरत नाही.

मग नवतपा आला, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. पहाटेसुद्धा गल्लीतली हवा तापलेली. ताई चिडचिड्या झाल्या आणि एक दिवस हळूच विचारलं, "एक गोळी जास्तीची घेतली तर तरतरी येईल का?" विचारलं हेच मोठं, नाहीतर असे प्रयोग करणारे मला नंतर भेटतात. जास्त गोळीने छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, आणि हे पुष्कळ दिवस चाललं तर हृदयाची लय बिघडू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. तरतरी वाटते ती उसनी असते. जूनपर्यंत मग खांब घरातच आले: बैठकीच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत, कूलरच्या वाऱ्यात. यंदा चादर लागली नाही, हे सासूबाईंनी पहिल्यांदा टिपलं.

एक गोष्ट मी सगळ्यांना कागदावर लिहून देते. चालताना छातीत दुखलं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, चक्कर आली, ठोके अनियमित वाटले किंवा पायांवर सूज दिसली, तर खांब मोजत बसायचं नाही. थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातच डॉक्टरांना विचारून करायची. आणि टीएसएच जागेवर येऊन दोन-तीन महिने झाले तरी थकवा हटत नसेल तर दुसरं कारण शोधायचं: बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, घोरणं आणि झोपेतला अडथळा. थायरॉइडच्या नावावर सगळंच खपवू नये.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, ताई जाऊबाईंच्या मुलाला घेऊन निघाल्या. त्याचा लाकडी नंदीबैल, त्याची दोरी, आणि बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करायला घराघरापुढे थांबत अख्खा लेआउट. तासाच्या वर पायी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मेसेज आला, "उठली. साडेपाचले." त्यात कुठेही व्यायाम हा शब्द नव्हता.

शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा जिन्यातला चपलांचा आवाज मध्येच थांबला. पण आत येऊन म्हणाल्या, "फोन नाही आला. थांबली होती जराशी." मग ऑफिसचं, मुलाच्या दहावीचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं बोललो. अजून दहा मिनिटं शिल्लक होती. मी पुढचं काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी पर्स उचलली.

"मॅडम, आज इथेच खो."

आणि निघाल्या.