कलम शेवटपर्यंत वाच

अनेक आशीर्वाद.

काल कोर्टातून निघताना तू माझ्याशी बोलली नाहीस, तेव्हाच कळलं की प्रश्न जिव्हारी लागलाय. बहिणीच्या हिश्शाचा दावा, आणि भावांचं म्हणणं की १९९८ मध्येच तोंडी वाटप झालं. तू तीन निवाड्यांच्या प्रती पुढे केल्यास. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "तोंडी वाटप चालत नाही, हे कलमात कुठे आहे ते दाखवा." तू निवाडे चाळत राहिलीस. उत्तर तुझ्यासमोरच्या बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकात होतं, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ च्या अगदी तळाशी, ‘स्पष्टीकरण’ या शब्दापुढे.

रागावण्यासाठी लिहीत नाही. मीही पहिली काही वर्षं आधी सायटेशन, म्हणजे निवाड्यांचे संदर्भ, शोधायची आणि मग कलमाकडे वळायची. निवाड्यात कलम उद्धृत केलेलं असतंच, वेगळं कशाला वाचायचं, असं वाटायचं. पण निवाड्यात तेवढाच तुकडा येतो जेवढा त्या खटल्याला लागतो. तुझ्या पक्षकाराला लागणारा तुकडा नेमका गाळलेला असू शकतो.

म्हणून आजपासून एक कर. कुठलंही प्रकरण हातात आलं की कलम मोठ्याने वाच. पोटकलमं, परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारा अपवाद), स्पष्टीकरण, सगळं. मग व्याख्यांच्या कलमाकडे जा आणि बघ की तिथे ‘म्हणजे’ आहे की ‘यात समावेश होतो’. ‘म्हणजे’ असेल तर विधिमंडळाने दार लावून घेतलंय. ‘समावेश’ असेल तर शब्दाचा रोजचा अर्थ कायम ठेवून त्यात भर घातली आहे. आणि व्याख्यांच्या आधीची ओळ सोडू नकोस: ‘संदर्भानुसार अन्य अर्थ अपेक्षित नसेल तर’. व्याख्या दिलेला शब्दसुद्धा एखाद्या कलमात वेगळ्या अर्थाने येऊ शकतो, ही मोकळीक कायद्यानेच ठेवलेली असते. मराठी प्रत समजून घ्यायला फार चांगली, पण वाद एखाद्या शब्दावरच असेल तेव्हा इंग्रजी पाठ शेजारी उघडा ठेव.

आता व्याख्याच नसेल तर? आपल्या वऱ्हाडातलंच प्रकरण सांगते. अकोल्याच्या एका पानाच्या व्यापाऱ्यावर विक्रीकर बसला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात ‘व्हेजिटेबल्स’ना सूट होती. व्यापाऱ्याचं म्हणणं, विड्याचं पान वनस्पतीच आहे, वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते या शब्दात बसतं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. रोजच्या व्यवहारात हा शब्द कशासाठी वापरतात? परसात किंवा शेतात पिकवून जेवणात वाढतात त्या भाज्यांसाठी. भाजी आण म्हणून पिशवी देऊन पाठवलेला माणूस विड्याची पानं घेऊन घरी येत नाही. इतकं साधं. पण वकील म्हणून मला त्या निवाड्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच कायद्याच्या अनुसूचीत सुरुवातीला विड्याच्या पानांची स्वतंत्र नोंद होती आणि पुढे दुरुस्ती करून ती काढून टाकली होती. पानं भाजीतच धरायची असती तर वेगळी नोंद केलीच कशाला असती, आणि काढली तरी कशाला असती? कायद्यात काय आहे हे सगळेच बघतात. काय होतं आणि आता नाही, हे बघणारा फार थोडा. दुरुस्त्यांचा इतिहास तळटीपेत बारीक अक्षरात असतो. तो वाचत जा.

मात्र ‘लोक काय म्हणतात’ याला कायमची किल्ली समजू नकोस. डिसेंबर २०२४ मध्ये खोबरेल तेलाच्या छोट्या बाटल्या करासाठी खाद्यतेल की केसांचं तेल, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. आपल्या घरात ती बाटली आरशापाशी असते, दक्षिणेत तेच तेल फोडणीला लागतं. कोर्टाने सुरुवात केली ती कराच्या वर्गवारीत काय लिहिलंय तिथून. केवळ बाटली लहान आहे म्हणून खाद्यतेलाचं केसांचं तेल होत नाही. तसं ठरायला वर्गवारीतल्या अटी वेष्टनाने पुऱ्या करायला हव्यात. शब्दांची चौकट कायद्याने इतकी नीट आखलेली असली की बाजारात काय म्हणतात हे विचारायची पाळी फारशी येत नाही.

आता ज्या प्रकरणाने मी खरोखर अस्वस्थ झाले होते त्याबद्दल. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ७ चा अर्थ लावला. मुलगी बारा वर्षांची, स्पर्श कपड्यांवरून. कलमाच्या शेवटच्या भागात ‘लैंगिक हेतूने केलेली, शारीरिक संपर्क असलेली अन्य कोणतीही कृती’ असे शब्द आहेत. त्यातल्या ‘शारीरिक संपर्क’चा अर्थ त्वचेला त्वचा लागणं असा घेतला गेला, आणि किमान तीन वर्षांच्या शिक्षेचं कलम जाऊन दंडसंहितेचं सौम्य कलम राहिलं. सोबत ‘एजस्डेम जेनेरिस’ होतंच: नेमक्या शब्दांमागून सैल शब्द आला तर तो त्यांच्याच जातीचा धरावा.

नियम खोटा नाही, पण तो कशासाठी वापरला गेला ते बघ. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायदा मुलांच्या संरक्षणासाठी. कलमाचा गाभा लैंगिक हेतू. आणि ‘स्पर्श’ किंवा ‘संपर्क’ या शब्दांत कापड मध्ये नसावं अशी अट कुठेही नाही. ती अट वाचणाऱ्याने घातली होती. हातमोजे घालून केलेला स्पर्श मग सुटणार का, हा ॲटर्नी जनरलांचा प्रश्न होता, आणि त्यावर उत्तर नव्हतं. कोर्टाने जो लॅटिन नियम पुढे ठेवला त्याचा आशय असा की कायदा जगेल असा अर्थ घ्यावा, मरेल असा नव्हे. बार रूममध्ये तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, बहुतेक ‘उद्देश’ या शब्दाभोवती. मला मात्र आजही वाटतं की आधी चूक झाली ती शब्द वाचण्यातच. एक शब्द कलमातून उचलून एकटा टेबलावर ठेवला की त्याला हवा तसा आकार देता येतो.

हे वाचून तू म्हणशील, मग दंडाच्या कायद्याचा अर्थ काटेकोर लावायचा, संशयाचा फायदा आरोपीला, त्याचं काय? ते तत्त्व प्राणपणाने जप. उद्या आरोपीच्या बाजूने उभी राहशील तेव्हा तेच तुझं शस्त्र असेल. सरकारला उद्देशाच्या नावाखाली गुन्ह्याची व्याख्या ताणू देऊ नकोस. फक्त संशय खरा हवा. संपूर्ण कलम, संपूर्ण कायदा वाचूनही दोन अर्थ शिल्लक राहत असतील तर तो संशय. आपण तयार केलेला असेल तर नव्हे.

आता तुझ्या दाव्याकडे येते. आपल्याकडे एका शब्दाने वारस बदलणं नवं नाही. ‘सपिंड’ म्हणजे एकाच देहाचे अंश असलेले, असं विज्ञानेश्वराने मिताक्षरा या स्मृतीवरच्या टीकेत म्हटलं. बंगालात जीमूतवाहनाने पिंडदानाचा संबंध धरला. दोघांपुढे स्मृती त्याच, आणि वारसांचा क्रम वेगळा झाला. जन्माने मिळणारा हक्क ही मिताक्षरेचीच देणगी, आणि २००५ च्या दुरुस्तीने तोच मुलीला दिला: मुलगी ‘जन्मतः’ सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली हिस्सेदार, होते, ‘मुलाप्रमाणेच’.

तरीही २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असले पाहिजेत. त्या निवाड्यानंतर माझ्याकडे आलेल्या एका बाईंना मी परत पाठवलं. वडील २००१ मध्ये वारले होते. २०१८ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळी वाट धरली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी प्रश्न मिटवला: हक्क जन्माने मिळतो, तर तो वडिलांच्या हयातीवर कसा टांगता येईल? ‘जन्मतः’ हा शब्द २०१५ मध्येही तिथेच होता. त्या बाईंना परत पाठवण्याआधी मी कलम पुन्हा एकदा वाचायला हवं होतं, प्रश्न जिवंत ठेवायला हवा होता. ते अजून सलतं.

इथे १५८४ सालच्या इंग्लंडमधल्या हेडनच्या खटल्यातले चार प्रश्न विचारून बघ. आधी कायदा काय होता, त्यात उणीव कोणती, उपाय काय केला, आणि त्या उपायाचं खरं कारण काय. २० डिसेंबर २००४ हीच तारीख कलमात का आली? त्या दिवशी दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. कायदा येतोय हे कळल्यावर घरोघरी ‘वाटप तर कधीच झालंय’ असं ऐकू येणार, हे उघड होतं. म्हणून त्या तारखेआधीचं वाटप सुरक्षित ठेवलं, आणि स्पष्टीकरणात लिहिलं की वाटप म्हणजे नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप. ‘म्हणजे’. दार लावलेलं. न्यायाधीशांना हे हवं होतं.

पण तिथेच थांबून निर्धास्त होऊ नकोस. विनीता शर्मा निवाड्याने एक फट ठेवली आहे. नुसत्या तोंडी पुराव्यावरचं वाटप साफ नाकारायचं, मात्र सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखंच ते वाटप शेवटास गेलेलं दिसत असेल, तर अपवाद म्हणून मान्य होऊ शकतं. भावांचे वकील याच फटीतून येतील. १९९८ नंतरचे सगळे फेरफार आणि प्रत्येक गटाचे सातबारे तलाठी कार्यालयातून काढ. नावं वेगवेगळ्या गटांवर चढली आहेत की सामाईकच राहिली? पीककर्ज कोणी, कोणत्या गटावर घेतलं? आईचं नाव कुठे आहे? मंगळवारी अकराच्या आधी ये, कागद घेऊन. आधी त्यांची बाजू तू मांडायचीस, मी ऐकणार आहे.