पुंज कशाचा?

एका वाचकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुंज म्हणजे ढीग किंवा रास, तर मग भौतिकीतील ‘क्वांटम’ला मराठीत ‘पुंज’ का म्हणायचे. ‘राज्याने उद्योगात क्वांटम झेप घेतली’ या वाक्यात अभिप्रेत असलेला ‘प्रचंड झेप’ हा अर्थ बरोबर आहे का. आणि ‘पुंज’ या शब्दाचे अनेकवचन काय करायचे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा वापर भाषणांतून, जाहिरातींतून आणि आता अग्रलेखांतूनही वर्षानुवर्षे समोर येतो आहे आणि दर वेळी मला तो खटकतो. हा अर्थ बरोबर नाही. भौतिकीत क्वांटम झेप म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनने एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाणे. हायड्रोजनच्या प्रकाशात जी तांबडी रेषा दिसते, ती इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर आल्यामुळे उमटते. एका ज्यूलचे, एकावर एकोणीस शून्ये लिहून होणाऱ्या संख्येइतके भाग केले, तर त्यांतील सुमारे तीन भाग एवढीच ऊर्जा त्या झेपेत बाहेर पडते. झेप मोठी असणे हा येथे मुद्दाच नाही. दोन पातळ्यांच्या मध्ये थांबण्याजोगी पातळी नसणे, हा मुद्दा आहे. ज्यांना ‘प्रचंड’ म्हणायचे आहे त्यांच्यासाठी मराठीत ‘हनुमान उडी’ आहे, आणि ती अर्थाला चोख आहे.

आता शब्दाकडे वळू. ‘क्वांटम’ हा लॅटिन शब्द मुळात नामच नाही, ते प्रश्नार्थक विशेषण आहे. क्वांटुस, क्वांटा, क्वांटुम ही त्याची तीन लिंगांतील रूपे असून अर्थ आहे केवढा, केवढी, केवढे. किंवा सरळ ‘किती’. लॅटिनमधील ‘क्व’ आणि संस्कृतातील ‘क’ यांचे नाते तुलनात्मक भाषाशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवले जाते. लॅटिन ‘क्विस’ म्हणजे कोण, संस्कृत ‘कः’. लॅटिन ‘क्वोत’ म्हणजे संख्येने किती, आणि संस्कृत ‘कति’ हा त्याचा सख्खा भाऊ. शब्दाच्या शेवटी चिकटणारे लॅटिन ‘क्वे’ आणि संस्कृत ‘च’ हे दोन्ही ‘आणि’ या अर्थाचे, एकाच मुळापासून निघालेले. संस्कृत ‘कियत्’ आणि आपल्या रोजच्या बोलण्यातील ‘किती’ हे याच प्रश्नार्थक कुळात मोडतात. म्हणजे मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन आपण ‘किती?’ असे विचारतो, तेव्हा विसाव्या शतकातील सर्वांत गहन विद्येचे नाव आपल्याच घराण्यातील शब्दाने उच्चारत असतो. हे नाते प्रथम ध्यानात आले तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

या ‘किती’त लहानपणही नाही आणि मोठेपणही नाही. कायद्याच्या लॅटिनमधील ‘क्वांटुम मेरुइट’ म्हणजे ‘जेवढे त्याने कमावले तेवढे’, आणि जुन्या औषधपत्रांवरील ‘क्वांटुम सातिस’ म्हणजे ‘पुरेल तेवढे’. जर्मन भाषेत हा शब्द ‘ठरावीक प्रमाण’ या साध्या अर्थाने रुळला होता आणि तेथूनच तो भौतिकीत आला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये तापलेल्या कृष्ण (म्हणजे पडेल तो सर्व प्रकाश शोषणाऱ्या) पदार्थाच्या प्रारणाच्या सूत्राची उपपत्ती मांडली, तेव्हा त्यांनी ‘ऊर्जेचा घटक’ असा शब्द वापरला होता. प्रकाशाच्या संदर्भात ‘क्वांटम’ हा शब्द ठळकपणे वापरला तो आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये. पुढे १९०६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत प्लांक यांनी आपल्या सूत्रातील स्थिरांकाला नेमके नाव दिले: ‘क्रियेचा क्वांटम’. मला सर्वाधिक आस्था आहे ती या नावाबद्दल, आणि मराठीतील बहुतेक स्पष्टीकरणे चुकतात तीही येथेच.

पाठ्यपुस्तकांत आणि लहानमोठ्या कोशांत ‘पुंज म्हणजे ऊर्जेचे लहानात लहान एकक’ अशी व्याख्या आढळते. ती चूक आहे, आणि ती एकाने दुसऱ्याची पाहून लिहिली असावी असे वाटण्याइतकी सर्वत्र सारखी आहे. ऊर्जेचे लहानात लहान असे कोणतेही एकक निसर्गात नाही. प्रकाशाच्या पुंजाची ऊर्जा त्याच्या वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या, प्रमाणात असते, आणि वारंवारता हवी तेवढी कमी असू शकते. हिरव्या प्रकाशाच्या एका पुंजात जेवढी ऊर्जा असते, तिच्या सुमारे ५४ कोटींव्या हिश्शाएवढीच ऊर्जा १,००० किलोहर्ट्‌झच्या रेडिओलहरीच्या पुंजात असते. मग न बदलणारे असे काय आहे? ऊर्जेला वारंवारतेने भागल्यावर जे उरते ते. तोच प्लांकचा स्थिरांक, ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात इतके ज्यूल-सेकंद. २० मे २०१९ पासून हे मूल्य मोजायचे राहिलेले नाही; ते व्याख्येनेच निश्चित केले असून किलोग्रॅमची व्याख्या आता त्याच्या आधारे होते. त्याचे एकक नीट वाचावे: ज्यूल नव्हे, ज्यूल-सेकंद. ‘किती?’ या प्रश्नाचे ‘कशाचे?’ असे जे उरलेले अर्धे आहे, त्याचे उत्तर ‘ऊर्जेचे’ असे नसून ‘क्रियेचे’ असे आहे.

येथे मराठीत एक खरी अडचण उभी राहते. ‘क्रिया’ म्हटले की न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील ‘क्रिया आणि प्रतिक्रिया’ आठवतात, आणि ती क्रिया म्हणजे बल. प्लांक यांची क्रिया वेगळी आहे. तिचा उगम फ्रेंच गणिती मोपेर्त्युई यांनी १७४४ मध्ये मांडलेल्या तत्त्वात आहे: वस्तुमान, वेग आणि कापलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे क्रिया, आणि निसर्ग ती कमीत कमी खर्च करतो. ऑयलर, लाग्रांज आणि १८३४-३५ मध्ये हॅमिल्टन यांनी या कल्पनेला गणिती बांधणी दिली. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांकडे आपल्या परिभाषेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि त्यामुळे अभिजात यामिकी (न्यूटनपासून चालत आलेले गतीचे शास्त्र) व पुंजयामिकी यांना जोडणारा सर्वांत भक्कम दुवा मराठी वाचकाच्या नजरेतून निसटतो.

तो दुवा दाखवणारे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. १९११ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या पहिल्या सोल्व्हे परिषदेत डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी लंबकाचा प्रश्न काढला होता. छताच्या भोकातून खाली सोडलेल्या दोरीला लंबक टांगलेला आहे, आणि तो हलत असताना कोणी दोरी वर ओढून आखूड करत आहे. वारंवारता तर बदलणार. मग आरंभी पूर्ण संख्येत असलेले पुंज पुढे अपूर्णांकात जाणार का? आइन्स्टाइन यांचे उत्तर असे होते की दोरी अगदी सावकाश ओढली, तर वारंवारता ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात आंदोलनाची ऊर्जाही वाढते. लांबी चतुर्थांशावर आणली की वारंवारता दुप्पट होते आणि ऊर्जाही दुप्पट होते. दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे क्रिया, जागचे हलत नाही. आरंभी पाच पुंज असतील तर शेवटीही पाचच राहतात. प्रत्येक पुंजाची ऊर्जा मात्र दुप्पट झालेली असते. हे गणित पूर्णपणे अभिजात यामिकीचे आहे, त्यात नव्या भौतिकीचा एक अंशही नाही. मोजदाद करायची तर बाहेरून सावकाश होणाऱ्या बदलाने जी ढळत नाही अशीच राशी निवडावी लागते, आणि ती राशी कोणती हे जुन्या यामिकीने आधीच सांगून ठेवले होते. भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्ट यांनी हा विचार पुढे नेला आणि जुन्या पुंजसिद्धांताचा तो एक आधारस्तंभ ठरला.

मग चेंडूत पुंज का दिसत नाहीत, असे कोणी विचारील. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने बावीस यार्डांची खेळपट्टी ओलांडतो, तेव्हा मोपेर्त्युई यांच्या हिशेबाने त्याची क्रिया सुमारे ९७ ज्यूल-सेकंद भरते. तिच्यात प्लांकचा स्थिरांक किती वेळा मावतो? एकावर पस्तीस शून्ये लिहून होणाऱ्या संख्येच्या जवळजवळ दीडपट वेळा. त्यात एकाची भर पडली काय किंवा घट झाली काय, कोणाला कळणार? उलट हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेत, भौतिकशास्त्रज्ञ बोर यांच्या १९१३ च्या अणुप्रतिमानानुसार, इलेक्ट्रॉनच्या एका फेरीची क्रिया नेमकी एक स्थिरांक असते. तेथे एकाची भर म्हणजे दुप्पट.

या दोन टोकांच्या मधला प्रदेशही मोजून पाहता येतो. दुसऱ्या कक्षेतील इलेक्ट्रॉन अभिजात हिशेबाने सेकंदाला सुमारे ८२२ लक्ष कोटी फेऱ्या घालतो. पण तेथून पहिल्या कक्षेत येताना जो प्रकाश निघतो त्याची वारंवारता सुमारे २,४६७ लक्ष कोटी असते. दोन आकडे एकमेकांना ओळखतही नाहीत. आता शंभरावी कक्षा घ्या. तेथे फेऱ्या सेकंदाला सुमारे ६५८ कोटी होतात, आणि शंभराव्या कक्षेतून नव्व्याण्णवाव्या कक्षेत उतरताना निघणाऱ्या प्रारणाची वारंवारता सुमारे ६६८ कोटी असते. फरक दीड टक्क्याचा. पुंजांची संख्या वाढत गेली की नवा हिशेब जुन्या हिशेबात असा विरघळत जातो, आणि यालाच बोर यांनी अनुरूपता तत्त्व म्हटले.

आणखी एका शब्दाबद्दल बोलले पाहिजे. ‘न्यूनतम क्रियेचे तत्त्व’ हे नाव सर्वत्र चालते, पण ते सैल आहे. प्रत्यक्ष मार्गावरील क्रिया दर वेळी न्यूनतम असतेच असे नाही. ती ‘अचल’ असते, म्हणजे मार्ग किंचित बदलला तरी पहिल्या पायरीला तिच्यात फरक पडत नाही. हा काथ्याकूट नाही. फाइनमन यांनी १९४८ मध्ये दाखवले की पुंजयामिकीत कण सर्व शक्य मार्गांचा हिशेब धरतो आणि प्रत्येक मार्गाची कला, म्हणजे तरंगाच्या आवर्तनातील टप्पा, त्याच्या क्रियेत प्लांकचा स्थिरांक किती वेळा मावतो यावरून ठरते. चेंडूच्या बाबतीत शेजारच्या दोन मार्गांच्या कलांत इतका प्रचंड फरक पडतो की ते एकमेकांना खोडून टाकतात. क्रिया जेथे अचल आहे तेथील मार्ग तेवढे एका सुरात येतात आणि उरतात. मोपेर्त्युई यांना निसर्गाची काटकसर वाटली ती गोष्ट अशी घडते. ‘न्यूनतम’ म्हटले की हे कळत नाही, ‘अचल’ म्हटले की लगेच कळते. म्हणून मराठीत ‘अचल क्रियेचे तत्त्व’ असे लिहावे, असा माझा आग्रह आहे.

आता ‘पुंज’. हिंदीत ‘प्रमात्रा’ हा शब्द घडवला गेला, आणि मराठीनेही तोच घ्यावा असे सुचवणारे विद्वान आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. ‘मात्रा’ हा मोजण्याच्या ‘मा’ धातूपासून आलेला सुंदर शब्द आहे आणि ‘किती’च्या जवळचाही आहे, परंतु मराठीत औषधाची मात्रा थोडी कमी, थोडी जास्त करता येते, आणि क्वांटमच्या बाबतीत नेमके तेच करता येत नाही. ‘पुंज म्हणजे ढीग, म्हणून शब्द चुकला’ हा आक्षेपही मला उथळ वाटतो, कारण तो ‘तेजःपुंज’ आणि ‘तारकापुंज’ यांपाशीच थांबतो. मराठीत ‘पुंजका’ आहे. कापसाचा पुंजका, केसांचा पुंजका, आभाळात सुटा तरंगणारा ढगाचा पुंजका. पुंजका लहान असतो, शेजाऱ्यापासून वेगळा असतो, आणि चिमटीत धरला की आख्खा उचलला जातो. तो आतून एकजिनसी कण नसतो. त्याला पसारा असतो, कडा धूसर असतात, तरी मोजताना तो एकच मोजला जातो. इलेक्ट्रॉनचे किंवा प्रकाशाचे वर्तन सांगायला ‘कण’ आणि ‘तरंग’ या दोन्ही शब्दांपेक्षा हे चित्र अधिक प्रामाणिक आहे. ‘पुंज’ हा शब्द ऐकताना मराठी मनाला रास आठवू नये, पुंजका आठवावा. तो आठवला की हा शब्द लॅटिन मूळ शब्दापेक्षाही सरस ठरतो, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. लॅटिन शब्द केवळ ‘किती’ असे विचारतो, मराठी शब्द त्या ‘किती’चा आकार दाखवतो.

‘क्वांटम यांत्रिकी’ असे हल्ली हिंदीच्या वळणाने लिहिले जाते, तेही टाळावे. मराठीत यांत्रिकी म्हणजे यंत्रांची विद्या. गतीच्या शास्त्राला आपल्याकडे ‘यामिकी’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि वैदिक भाषेत ‘याम’ म्हणजे गती, मार्गक्रमण, असा अर्थ आहे. अणूत यंत्र नाही. ‘अभिजात’ हे विशेषण मात्र योग्य आहे, फक्त त्याचा अर्थ ‘कालबाह्य’ असा करू नये. लंबकाच्या उदाहरणात नव्या यामिकीला कशाची मोजदाद करायची हे सांगणारी यामिकी कालबाह्य कशी म्हणता येईल?

राहिला तिसरा प्रश्न. लॅटिनमध्ये अनेकवचन ‘क्वांटा’ होते आणि ‘क्वांटम्स’ हे रूप कोठेच बसत नाही. मराठीत ‘पुंज’ हा अकारान्त पुल्लिंगी शब्द असल्याने त्याचे अनेकवचन तेच राहते: तो एक पुंज, ते पाच पुंज, सामान्यरूप एकवचनी ‘पुंजाचा’, अनेकवचनी ‘पुंजांचा’. अनेकवचनातील अनुस्वार लिहिण्यास विसरू नये, कारण ‘पुंजाची क्रिया’ आणि ‘पुंजांची क्रिया’ यांत वर दिलेल्या चेंडूच्या बाबतीत पस्तीस शून्यांचा फरक आहे.