वर्गात ॲप वापरायला सुरुवात करताय? आधी हे वाचा

मॅडम, नवीन आहात म्हणून सांगते, मुलांच्या हातात मोबाईल द्यायची घाई नको. आपल्या जि. प. शाळेत सगळ्यांच्या घरी फोन नसतोच, म्हणून सुरुवात प्लिकर्स या ॲपने करा. मुलांना फक्त छापलेलं कार्ड लागतं, प्रश्न विचारला की ती उत्तराप्रमाणे कार्ड फिरवून वर धरतात आणि तुम्ही तुमच्या एकाच फोनने अख्खा वर्ग स्कॅन करायचा, कोणाला काय कळलं नाही ते तिथल्या तिथं दिसतं आणि लाजाळू पोरंही उत्तर देतात. नावांच्या जागी हजेरी नंबर टाका, पूर्ण नावाची गरजच नाही.

कहूट या प्रश्नमंजुषेच्या ॲपला पिन टाकून जाता येतं, मुलांचा ईमेल लागत नाही. फक्त टायमरमुळे सावकाश वाचणारी मुलं मागे पडतात, म्हणून वेळ वाढवून ठेवा.

यूट्यूबचा व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण बघा आणि ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंदच ठेवा.

सगळ्यात जपायचं ते व्हॉट्सॲप. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, मुलींचे नंबर असे फिरले की फार त्रास होतो हो! ग्रुप पालकांचाच करा, मेसेज टाकायची सोय फक्त ॲडमिनला ठेवा. मुलांचे फोटो स्टेटसला अजिबात नकोत, पालकांची लेखी परवानगी असेल तरच शाळेच्या कामापुरते वापरा. आणि कोणी मुलाला ऑनलाइन त्रास देतंय असं कळलं तर स्क्रीनशॉट ग्रुपवर न टाकता लगेच मुख्याध्यापकांना सांगा, चाइल्डलाइन 1098 आहे, सायबर फसवणुकीसाठी 1930.