किण्वन आणि आंबवणे

प्रश्न : आमच्याकडे वेळ अमावस्येसाठी आंबील ‘आंबवतात’, मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘किण्वन’ हा शब्द आहे. तो नव्याने घडवलेला आहे का, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ एकच का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : ‘किण्वन’ हे रूप पारिभाषिक असले, तरी त्याचे मूळ फार जुने आहे. संस्कृतात ‘किण्व’ म्हणजे मद्य तयार करताना घालायचे बीज. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात उडीद, तांदूळ आणि मोरटादी वनस्पती यांपासून ते कसे करावे, हे सांगितले आहे. पुढे चार्वाक या जडवादी तत्त्वज्ञांनी, किण्वादिकांपासून जशी मदशक्ती उत्पन्न होते तसे भूतांपासून (म्हणजे पृथ्वी, पाणी आदी तत्त्वांपासून) चैतन्य उत्पन्न होते, असा दृष्टान्त दिला. तत्त्वचर्चेत दाखला म्हणून घ्यावी इतकी ही क्रिया त्या काळी लोकांच्या परिचयाची होती, हे मला विशेष मोलाचे वाटते.

‘आंबणे’ हे क्रियापद संस्कृत ‘अम्ल’, प्राकृत ‘अंब’ या वाटेने आले असून ‘आंबट’ आणि ‘आंबील’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. म्हणजे हे नाव चवीवरून पडले आहे. ज्वारीचे पीठ आणि ताक एकत्र करून मडक्यात ठेवले, की ताकातील जिवाणू शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे आंबिलीला आंबटपणा येतो. हे काम सजीवांचे आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले.

त्यामुळे आंबील आंबवणे हे किण्वनच होय. परंतु प्रत्येक किण्वनाला आंबवणे म्हणता येत नाही. यीस्ट शर्करेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, त्यात आंबटपणा मुख्य नसतो. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) नान-खलियातील नानाची कणीक फुगते ती याच वायूमुळे, आणि तिच्यासाठी ‘खमीर’ हा अरबीतून आलेला शब्द मराठवाड्यात सहज वापरला जातो. उलट, उन्हाळ्यात वरण आंबले म्हणजे ते नासले, आणि दिवसभर काढणी करून अंग आंबले म्हणजे ते थकून ठणकू लागले. या अर्थांना ‘किण्वन’ लागूच पडत नाही.

शास्त्रीय लेखनात ‘किण्वन’ अवश्य वापरावे, कारण तेथे आम्ल आणि मद्य या दोन्ही प्रकारांना सामावणारा शब्द हवा असतो. घरी आणि शेतात मात्र आंबील आंबवलीच म्हणावे.